आधी मोजा, मग बोला

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



‘तरुणांपुढील संधी’ या विषयावर मी बोलावे असे चिटणीस साहेबांनी सुचविले होते. मी त्यांची परवानगी घेऊन विषय थोडा बदलला आहे. संधी या विषयावर आपण पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. मी ज्या कामावर पोट भरतो त्या कामाची माहिती आपल्याला द्यावी, आणि त्या कामाने मला जी एक गोष्ट शिकविली ती सांगावी, एवढाच माझा हेतू आहे. माझे काम म्हणजे बिनतारी इंटरनेटच्या जोडण्या उभारणे आणि त्या नीट चालतात की नाही हे तपासणे.

मोबाइलवर येणारे इंटरनेट आपण सर्वजण वापरतो. मी सांगतो आहे तो प्रकार थोडा वेगळा. एका उंच मनोऱ्यावर एक अँटेना, आणि दूरच्या घराच्या किंवा शाळेच्या गच्चीवर दुसरी. दोन्ही एका जागी पक्क्या बसविलेल्या, एकमेकींकडे तोंड करून. मध्ये तार नाही, खांब नाही, खोदाई नाही. जिथे डोंगर, खाडी किंवा जंगल आडवे येते आणि केबल टाकणे परवडत नाही, तिथे ही पद्धत उपयोगी पडते. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांनीही अशी जोडणी शहरांतून घरोघर देण्यास सुरुवात केली आहे.

ही विद्या परकी आहे असे समजू नका. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात तारेशिवाय लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. त्यांनी वापरलेल्या लहरींची लांबी अवघी काही मिलिमीटर होती; आजच्या अगदी नव्या यंत्रांत तशाच लहरी वापरतात. आपल्या महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावांपर्यंत याच मार्गाने इंटरनेट नेले. ‘ग्राम मार्ग’ या त्यांच्या प्रकल्पाला २०१७ साली मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिला मान मिळाला. कायद्याचीही अडचण पुढे कमी झाली. सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना खुला केला. त्यामुळे लहान संस्थाही आज अशी जोडणी उभारू शकतात.

पण उभारणे सोपे, चालू ठेवणे कठीण. आणि चालू आहे की नाही हे नेमके सांगणे त्याहून कठीण.

‘नेट स्लो आहे’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. डॉक्टरकडे जाऊन ‘मला बरे वाटत नाही’ एवढेच सांगितले तर डॉक्टर काय करील? तो नाडी पाहतो, ताप मोजतो, रक्त तपासतो. आमच्या धंद्यातही तसेच आहे. आम्ही मुख्यतः चार गोष्टी मोजतो.

पहिली, लहरींची शक्ती. ती डेसिबेल या मापात मोजतात. तीन डेसिबेल कमी झाले म्हणजे शक्ती निम्मी झाली. दहा कमी झाले म्हणजे एक दशांश उरली. वीस कमी झाले म्हणजे एक शतांश. शाळेत लॉगरिथम शिकताना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींनी मोकळ्या हवेत आठ किलोमीटर अंतर कापले की सुमारे १२६ डेसिबेल खर्ची पडतात. पाठविणाऱ्या अँटेनाचे ३६ आणि घेणाऱ्या अँटेनाचे २५ जमेस धरले तर हाती उरतात उणे ६५. म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे बत्तीस लाखावा भाग! एवढ्याशा शक्तीवर आपल्या मुलांचा तास चालतो.

दुसरी गोष्ट, गोंगाट. बाजारात मित्राची हाक ऐकू येत नाही ती हाक बारीक म्हणून नव्हे, तर बाजार मोठा म्हणून. यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेचा आणि शेजारच्या इतर यंत्रांचा गोंगाट नेहमीच असतो. साधारण उणे ९५ हा शांत जागेतला गोंगाट धरला, तर उणे ६५ ची हाक त्याच्या तीस डेसिबेल वर आहे. हे अंतर जितके मोठे तितकी यंत्रे भरभर बोलतात. अंतर कमी झाले की यंत्रे आपण होऊन सावकाश बोलू लागतात, जसे आपण गोंगाटात एकेक शब्द सुटा करून बोलतो. यालाच लोक ‘नेट स्लो’ म्हणतात.

तिसरी गोष्ट, किती पुड्या वाटेत हरवल्या. इंटरनेटवरचा मजकूर लहान लहान पुड्या बांधून पाठविला जातो. शंभर पाठविल्या, अठ्ठ्याण्णव पोचल्या, तर हरवलेल्या दोन पुन्हा पाठवाव्या लागतात. चौथी गोष्ट, जाऊन येण्यास लागणारा वेळ, आणि तो वेळ सारखा राहतो की कमीजास्त होतो. चित्रपट पाहताना हा फरक जाणवत नाही. शिक्षकांशी समोरासमोर बोलताना मात्र आवाज तुटू लागतो तो याच कारणाने.

यांखेरीज वाट मोकळी आहे की नाही हेही पाहावे लागते. डोळ्यांना समोरचा मनोरा दिसला म्हणजे झाले असे नाही. लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. मध्यभागी फुगीर अशा लांबट आकारातून जातात. आठ किलोमीटरच्या जोडणीत या फुगवट्याची त्रिज्या मध्यावर सुमारे दहा मीटर असते, आणि तिचा साठ टक्के भाग तरी मोकळा लागतो. उन्हाळ्यात उत्तम चाललेली जोडणी पावसाळ्यात बिघडली की लोक पावसाला दोष देतात. या पट्ट्यातील लहरींना पावसाच्या थेंबांचा त्रास फारच थोडा होतो. दोष बहुधा वाटेत वाढलेल्या झाडाच्या ओल्या पानांचा, किंवा केबलच्या तोंडात शिरलेल्या पाण्याचा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी विषय बदलला ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी कोकणात खाडीकाठच्या एका शाळेला आम्ही अशी जोडणी दिली. मनोरा खाडीपलीकडे, अंतर आठ किलोमीटर, मधला बहुतेक भाग पाण्याचा. दोन महिने उत्तम गेले. मग तक्रारी सुरू झाल्या. दुपारच्या सुमारास तास-दीड तास इंटरनेट जाई आणि आपोआप परत येई. प्रवेशअर्जांचे दिवस होते. शाळेच्या संगणकावरून गावातील मुलांचे अर्ज भरले जात. एका मुलीचा अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी अर्ध्यावर अडकला. तिच्या आईने रिक्षा करून तिला तालुक्याला नेले, आणि रात्री उशिरा तो अर्ज एकदाचा गेला. गावात साहजिकच संताप झाला.

संतापाला माणूस लागतो. संगणकाच्या खोलीची किल्ली शाळेच्या शिपाईचाचांकडे असे. ते दुपारी त्याच खोलीत बसून डबा खात. कोणीतरी म्हणाले, चाचा डबा गरम करायला यंत्राचा प्लग काढतात. दुसऱ्याने त्यात भर घातली. आठवडाभरात सर्व गावाला ‘माहीत’ झाले की दोष चाचांचा आहे. चाचांनी सांगून पाहिले की माझा डबा थंडच असतो. कोणी ऐकले नाही. त्यांची किल्ली काढून घेतली. तीस वर्षे शाळेची दारे उघडणाऱ्या माणसाच्या हातातून किल्ली काढून घेणे म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

आमचा एक सहकारी जाऊन केबल बदलून आला. पाच-सहा दिवस जोडणी छान चालली. मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा त्याने अँटेनाची दिशा किंचित फिरविली. पुन्हा आठवडा बरा गेला, पुन्हा तेच. लोक म्हणाले, बघा, माणसे येऊन गेली की चाचा काही दिवस घाबरून राहतात! एक गैरसमज पक्का झाला की प्रत्येक नवी घटना त्याचाच पुरावा वाटू लागते.

शेवटी मी गेलो. आणि आज कबूल करतो, शाळेत शिरताच माझी नजर पहिल्यांदा त्या प्लगकडेच गेली. मीही मोजण्याआधी ठरवून मोकळा झालो होतो.

यंत्राचे पान उघडले. पहिल्याच पानावर एक आकडा असतो: यंत्र किती वेळ सलग चालू आहे. प्लग काढला की हा आकडा शून्यापासून सुरू होतो. तो आकडा होता एकोणीस दिवस. म्हणजे एकोणीस दिवसांत त्या यंत्राचा वीजपुरवठा एकदाही तुटला नव्हता. हा आकडा पहिल्या दिवसापासून तिथेच होता. गावातील कोणी तो पाहिला नव्हता हे समजण्यासारखे आहे. आमच्या माणसाने पाहिला नव्हता, आणि फोनवरून सूचना देणाऱ्या मीही विचारला नव्हता.

मग रीतसर काम सुरू केले. दर पाच मिनिटांनी दोन्ही टोकांची शक्ती, गोंगाट आणि हरवलेल्या पुड्या यांची नोंद होईल अशी व्यवस्था केली. दिवसाला २८८ नोंदी, पंधरा दिवसांत ४,३२०. त्यांचा आलेख काढला. एरवी उणे ६१ ते ६५ च्या दरम्यान असणारी शक्ती काही वेळा उणे ८५ पर्यंत खाली जात होती. गोंगाट मात्र होता तेवढाच. म्हणजे शेजारच्या यंत्राचा दोष नव्हे; हाकच बारीक होत होती. आणि हा खड्डा फक्त दुपारी नव्हता. मध्यरात्रीच्या सुमारासही तसाच खड्डा होता! रात्री शाळेला कुलूप असते. तेव्हा कोणाचे नेट गेले नाही, कारण तेव्हा कोणी वापरतच नव्हते. एवढ्यावरूनच चाचा निर्दोष ठरले.

पण कारण सापडले नव्हते. खड्ड्याची वेळ रोज पाऊण तासाने, पन्नास मिनिटांनी पुढे सरकत होती. चार-पाच दिवस हा प्रकार चाले, मग आठवडा-दहा दिवस खड्डाच नसे. मी वेळांचा कागद टेबलावर ठेवून विचार करीत बसलो होतो. चाचा चहा घेऊन आले. कागदाकडे बघून म्हणाले, “साहेब, या तर भरतीच्या वेळा आहेत.”

त्यांचे वडील मासेमारी करीत. त्यांनी मला खाडीकाठचा जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी माझ्या नोंदी पंचांगाशी ताडून पाहिल्या. खड्डे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, उधाणाच्या भरतीच्या वेळी पडत होते. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढे चढत नाही, म्हणून तेव्हा सारे ठीक चाले. आमच्या सहकाऱ्याने केबल बदलली ती भांगाच्या दिवसांत, अँटेना फिरविली तीही भांगाच्या दिवसांत. त्याचे औषध लागू पडले नव्हते. ताप आपोआप उतरला होता.

विज्ञान असे आहे. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी दोन वाटांनी शाळेत पोचतात. एक सरळ, दुसरी खाडीच्या पाण्यावर आपटून, आरशात आपटल्यासारखी. दोन्ही वाटांच्या लांबीत फार थोडा फरक असतो. आमच्या जोडणीत अडीच मीटर पाणी चढले की हा फरक पावणेतीन-तीन सेंटिमीटरने बदलत होता. पण या लहरींची लांबीच मुळी सुमारे सव्वापाच सेंटिमीटर. तिच्या निम्म्याहून थोडा अधिक फरक पडला की एकमेकींना बळ देणाऱ्या लहरी एकमेकींना मारू लागतात. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी येतो, आणि हाती काहीच उरत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एडिंबरा विद्यापीठाच्या मंडळींनी खाडीपार जोडण्या उभारल्या तेव्हा त्यांनाही भरतीने असेच छळले होते, आणि त्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, हे मला नंतर वाचायला मिळाले.

उपाय हिशेबानेच सापडला. पहिल्या अँटेनाच्या सुमारे पावणेचार मीटर खाली दुसरी अँटेना बसविली. भरतीच्या वेळी वरच्या जागी जेव्हा लहरी एकमेकींना मारतात, तेव्हा खालच्या जागी त्या एकमेकींना बळ देतात. दोहोंपैकी जी अधिक स्पष्ट ऐकते तिचे यंत्राने ऐकावे, अशी व्यवस्था केली. नंतरच्या उधाणाला आम्ही सर्वजण संगणकाच्या खोलीत बसून आलेख पाहत होतो. भरती झाली, पाणी धक्क्याला लागले, आणि जोडणी टिकली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी सर्व शाळेसमोर चाचांची माफी मागितली आणि किल्ली परत त्यांच्या हातात दिली. मी खाजगीत माफी मागितली. चाचा एवढेच म्हणाले, “तुम्ही रात्रीचे पाहिलेत म्हणून बरे.”

मित्रांनो, सूरह हुजुरातमध्ये आपल्याला स्पष्ट आदेश आहे की कोणी खबर आणली तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणता लोकांना इजा कराल आणि मागाहून पस्तावाल. हा आदेश आपण वाजमध्ये ऐकतो आणि घरी विसरतो. मला तो एका बिनतारी यंत्राने पुन्हा शिकविला. आपल्या पूर्वजांनी तो प्रयोगशाळेत नेला होता. बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्मलेले आणि काहिरा येथे काम केलेले इब्न अल्-हैथम यांनी ‘किताब अल्-मनाझिर’ हा प्रकाशविद्येवरचा ग्रंथ लिहिला. थोरांनी म्हटले म्हणून मानायचे नाही, प्रयोग करून पाहायचे, ही त्यांची रीत. गोल आरशावर प्रकाशाचा किरण नेमका कोणत्या बिंदूवर आपटून डोळ्यात शिरेल, हा प्रश्न आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. गोल पृथ्वीवरच्या पाण्यावर लहर कुठे आपटेल हे शोधताना आम्हाला तोच प्रश्न सोडवावा लागतो. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. त्यांची सवय घेतली तर अधिक बरे.

पालकांना माझी एक विनंती आहे. घरातील इंटरनेटबद्दल तक्रार करण्यापूर्वी एक वही करा. तारीख, वेळ, काय झाले, ते लिहा. वेगाची चाचणी एकदाच घेऊन निकाल देऊ नका. सकाळ, दुपार, रात्र आणि निदान पंधरा दिवस घ्या. शक्य असेल तर संगणक केबलने थेट यंत्राला जोडून चाचणी घ्या, नाहीतर तुम्ही घराच्या भिंती तपासाल आणि दोष बाहेरच्या जोडणीला द्याल. वही दाखविली की कंपनीच्या माणसालाही टाळाटाळ करणे कठीण जाते. २०२३ पासून आपल्या देशात किमान दोन मेगाबिट वेग असेल तरच त्या सेवेला ब्रॉडबँड म्हणता येते, हे ध्यानात असू द्या.

विद्यार्थ्यांना सांगणे असे की या कामात जागा आहे. आयटीआय किंवा पदविका झालेल्या मुलामुलींना हे काम शिकता येते. मनोऱ्यावर चढणारा हवा, तसा आलेख वाचणाराही हवा. आणि आलेख वाचण्याच्या कामात मी मुलींना मुलांपेक्षा अधिक धीराने बसलेल्या पाहिले आहे. गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी पक्के करा. पण त्याबरोबर आपल्या घरातल्या जुन्या माणसांजवळही बसा. मी इंजिनियर असून ज्या कागदासमोर हात टेकले होते, तो कागद एका शिपायाने उभ्या उभ्या वाचला. इल्म फक्त आपल्या पुस्तकात आहे असे ज्या दिवशी आपण समजू, त्या दिवशी आपले शिकणे थांबेल.

आपल्या समाजाविषयीही कोणी न मोजता बरेच बोलते, याचे आपल्याला दुःख होते. ते दुःख खरे आहे. पण आपणही आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, आपल्या घरात कोणाच्या तरी हातातून न मोजता किल्ली काढून घेत नाही ना, हे पाहिले पाहिजे. न्याय मागणाऱ्याचा काटा आधी स्वतःकडे नीट असावा.

 अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.